धुराड्याबाहेरचे उत्सर्जन: तेलशुद्धीकरण, साठवण आणि वाहतूक यांचे नियम नेमके काय मोजतात?

वायुवेध (धागाकर्ता)

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा धुराड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सल्फर डायऑक्साइड किती, नायट्रोजनची ऑक्साइडे किती, धूलिकण किती, हे आकडे मानकांच्या आत असले की कारखाना नियम पाळतो असे आपण धरून चालतो. या आकड्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मात्र हायड्रोकार्बनांच्या वाफांचा मोठा हिस्सा धुराड्याच्या वाटेने जातच नाही. तो व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, पंपांच्या सीलमधून, पाइपांच्या फ्लँजमधून (जोडकड्यांमधून), साठवण टाक्यांच्या छपरांच्या कडेने, सांडपाण्यातले तेल वेगळे करणाऱ्या उघड्या हौदांवरून आणि टँकर किंवा जहाज भरताना बाहेर पडतो. या वाफांत बेंझीन असते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, ठेवले आहे. उरलेल्या वाफा उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी अभिक्रिया करून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात, जो फुप्फुसांना घातक असतो.

या विखुरलेल्या उत्सर्जनाचे आकडे बहुतेक ठिकाणी मोजलेले नसतात, तर सूत्राने काढलेले असतात, आणि माझ्या मते या क्षेत्रातल्या नियमनाचा सगळ्यांत कच्चा दुवा हाच आहे. एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपास पथकाने १७ तेलशुद्धीकरण कारखान्यांत स्वतः यंत्रे फिरवून गळत्या तपासल्या आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. कारखान्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार गळक्या भागांचे प्रमाण सरासरी १.३ टक्के होते. पथकाला ते ५ टक्के आढळले. तपासणीची विहित पद्धत दोन्हीकडे एकच होती. हातातल्या विश्लेषकाच्या नळीचे टोक व्हॉल्व्हचा दांडा जिथे पॅकिंगमध्ये शिरतो त्या सांध्याशी धरायचे, सांध्याभोवती सावकाश फिरवायचे, आकडा चढेल तिथे थांबायचे आणि यंत्राला प्रतिसाद द्यायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ नळी तिथेच धरून ठेवायची. हे काम घाईने केले की गळती असूनही दिसत नाही. तपासणीचा मोबदला सांध्यांच्या संख्येवर ठरत असेल तर घाई होणारच, आणि मग अहवाल नियमाला धरून असतो पण हवेची स्थिती निराळीच असते.

या अडचणीवर मला पटलेला उपाय म्हणजे कारखान्याच्या कुंपणावर प्रत्यक्ष मोजणी. अमेरिकेत सप्टेंबर २०१५ मध्ये अंतिम झालेल्या नियमाने प्रत्येक तेलशुद्धीकरण कारखान्याला कुंपणाभोवती शोषक पदार्थ भरलेल्या लहान नळ्या लावणे बंधनकारक केले. नळीत पंप नसतो, वीज लागत नाही. हवेतले बेंझीन आपोआप आत पसरत जाऊन शोषले जाते. दर १४ दिवसांनी नळ्या बदलून प्रयोगशाळेत पाठवतात. त्या कालावधीतल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनातला फरक काढतात आणि या फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर कारखान्याला मूळ कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. ही मोजणी २०१८ च्या आरंभापासून चालू आहे आणि तिचे आकडे लोकांना पाहता येतात.

साठवण, वाहतूक आणि प्रक्रिया या तिन्ही टप्प्यांवर काम केलेली मंडळी इथे आहेत. नियम कुठे नीट लागू पडतो आणि कुठे निसटतो, हे त्यांनी तपशिलात सांगावे अशी विनंती आहे.

चौकस

विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणी आवडली. माझा या क्षेत्राशी व्यावसायिक संबंध नाही, म्हणून एक प्राथमिक शंका विचारतो. बाहेर जाणारी वाफ म्हणजे शेवटी विकण्याजोगा माल आहे. मग तो वाया जाऊ नये म्हणून कारखाने आणि साठवण केंद्रे आपण होऊनच बंदोबस्त का करत नाहीत? नियमाची गरज मुळात का पडावी?

माळरान

चौकस, तुमच्या शंकेचे उत्तर साठवण टाक्यांच्या इतिहासात आहे. मी साठवण केंद्रांच्या देखभालीत काम केले आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते सविस्तर लिहितो.

स्थिर छपराच्या टाकीतून वाफ दोन प्रकारे जाते. दिवसा टाकी तापते, द्रवावरची वाफ प्रसरण पावते आणि श्वासझडपेतून बाहेर पडते. रात्री टाकी थंड होऊन बाहेरची हवा आत ओढते आणि ती हवा पुन्हा वाफेने भरते. हा झाला टाकीचा श्वासोच्छ्वास. दुसरे म्हणजे टाकीत माल भरताना द्रवाची पातळी जितकी वर चढते तितकी वाफ छपरातून ढकलली जाते. पेट्रोलसारख्या लवकर उडणाऱ्या मालाच्या बाबतीत हा तोटा इतका असतो की तरंगत्या छपराची टाकी आणण्यामागे आगीच्या धोक्याबरोबर मालाच्या बचतीचाही विचार होता. छप्पर थेट द्रवावर तरंगते, मधली पोकळीच राहत नाही, आणि वाफेचा तोटा नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो. इथवर मालकाचे हित आणि हवेचे हित एकाच दिशेने जाते.

दोन्ही वाटा वेगळ्या होतात त्या छपराच्या कडेशी. तरंगते छप्पर आणि टाकीची भिंत यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर छप्पर वरखाली होणार नाही. ती फट सीलने बुजवतात. भिंत कधीच नेमकी वर्तुळाकार नसते, पाया खचतो, पत्रा किंचित फुगतो, आणि सील काही ठिकाणी भिंतीपासून सुटते. पहिल्या सीलने बराचसा माल वाचलेला असतो. तिच्यावर दुसरी सील बसवून जे आणखी वाचते, त्याची किंमत सील, मजुरी आणि टाकी रिकामी ठेवण्याचा खर्च भरून काढेलच असे नाही. मालकाचा हिशेब इथे थांबतो. शेजारी राहणाऱ्या माणसाच्या श्वासाचा हिशेब मात्र इथे थांबत नाही, आणि नियमाचे काम इथून सुरू होते.

अमेरिकी नियमात या फटीचे माप ठरलेले आहे. बाह्य तरंगत्या छपराच्या पहिल्या सीलची फट कुठेही ३.८१ सेंटिमीटरपेक्षा रुंद असता कामा नये आणि सगळ्या फटींचे मिळून क्षेत्रफळ टाकीच्या व्यासाच्या दर मीटरमागे २१२ चौरस सेंटिमीटरच्या आत हवे. दुसऱ्या सीलसाठी हेच आकडे १.२७ सेंटिमीटर आणि २१.२ चौरस सेंटिमीटर आहेत. दुसरी सील दरवर्षी आणि पहिली पाच वर्षांतून एकदा मोजायची असते. मोजणारा माणूस शिडीने छपरावर उतरतो, ठरावीक जाडीची सळई सील आणि भिंत यांच्यामध्ये घालत संपूर्ण परिघाची फेरी करतो, आणि जिथे सळई विनाअडथळा आत जाते तिथली लांबी-रुंदी लिहून घेतो. कंटाळवाणे काम आहे, परंतु नीट केले तर सीलची खरी अवस्था कळते. युरोपच्या १९९४ च्या निर्देशात (सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या नियमात) याच्या जोडीला एक साधी आणि मला फार शहाणपणाची वाटणारी अट आहे: जमिनीवरच्या टाक्यांना बाहेरून असा रंग द्यावा जो उष्णतेचे ७० टक्के किंवा अधिक परावर्तन करेल. टाकी कमी तापली की श्वासोच्छ्वासही कमी होतो.

आता निसटणाऱ्या जागा. तरंगत्या छपराला खाली पाय असतात. टाकी अगदी तळापर्यंत उपसली की छप्पर पायांवर टेकते, खाली पोकळी तयार होते आणि तिच्यात वाफ साठते. पुन्हा माल भरताना ती सगळी वाफ बाहेर येते. ज्या टाकीत माल वारंवार बदलतो तिथे हे वारंवार घडते. तरीही वार्षिक उत्सर्जनाच्या हिशेबात छप्पर वर्षभर तरंगतच होते असे गृहीत धरलेले मी अनेकदा पाहिले आहे. दुसरी जागा म्हणजे नमुना घेण्यासाठी छपरातून आरपार जाणारा छिद्रांचा खांब. आतला माल आणि बाहेरचा माल एकसारखा राहावा म्हणून त्याला मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात, आणि वारा सुटला की त्याच छिद्रांतून वाफ ओढली जाते. खांबाभोवती बाही आणि आत तरंगता गोळा बसवला की ती बरीच अडते. तिसरी जागा पावसाची. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या अतिवृष्टीत ह्यूस्टन परिसरातल्या काही टाक्यांची बाह्य तरंगती छपरे पाण्याच्या भाराने कलली किंवा बुडाली आणि माल उघडा पडला. वर घुमट बसवलेला असेल तर पाऊस आणि वारा दोन्ही टळतात.

उत्तररात्र

मी प्रक्रिया विभागात पाळ्या केलेल्या आहेत. वायुवेध यांचा मुद्दा मला बऱ्याच अंशी मान्य आहे, तरी धुराड्याच्या नियमांनी काय साधले हेही इथे नोंदले जावे.

कच्च्या तेलातला गंधक कुठेतरी जाणारच. गाड्यांच्या इंधनातला गंधक जिथे १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) खाली आणला गेला, तिथे आधी गाड्यांमधून शहरभर पसरणारा गंधक आता कारखान्यात हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने गोळा होतो. क्लॉस पद्धतीच्या संयंत्रात या वायूचा एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो उरलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी उत्प्रेरकावर अभिक्रिया करून घनरूप गंधक आणि पाणी देतो. नुसत्या क्लॉस संयंत्राने साधारण ९५ ते ९८ टक्के गंधक परत मिळतो. ऐकायला हे पुष्कळ वाटते, म्हणून गणित करून पाहावे. दिवसाला १०० टन गंधक येत असेल आणि ९६ टक्के मिळत असेल, तर ४ टन गंधक निसटतो आणि जळून ८ टन सल्फर डायऑक्साइड होतो. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या वायूवर आणखी एक प्रक्रिया लावून वसुली ९९.८ टक्क्यांवर नेली की तेच उत्सर्जन दिवसाला ४०० किलोवर येते. हा फरक मालाच्या बचतीने कधीच घडला नसता, कारण त्या जादा गंधकाला तेवढी किंमत नाही. तो नियमाने घडला. भारतातही २००८ च्या तेलशुद्धीकरण मानकांनी नव्या मोठ्या गंधक संयंत्रांना ९९.५ टक्के वसुलीची अट घातली आणि जुन्यांना ९८.७ टक्क्यांची.

कुंपणावरच्या नळ्यांबद्दल माझे दोन आक्षेप आहेत. १४ दिवसांची सरासरी हाती येईपर्यंत गळती कुठल्या पाळीत, कुठल्या कामामुळे झाली हे शोधणे अवघड होऊन बसते. दुसरे, शेजारच्या साठवण केंद्राचे किंवा रस्त्यावरच्या वाहनांचे बेंझीन आमच्या नळीत आले तर त्याचा जाब आम्ही का द्यावा?

वायुवेध (धागाकर्ता)

उत्तररात्र, गंधकाचे गणित इतके स्वच्छ मांडल्याबद्दल मनापासून आभार. धुराड्याचा नियम यशस्वी झाला याचे कारणही तुमच्याच उदाहरणात आहे असे मला वाटते: तिथे सतत मोजणारे यंत्र बसवता आले.

आक्षेपांपैकी दुसऱ्याचा विचार नियमात केलेला आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूने येणारे बेंझीन वजा व्हावे म्हणूनच सर्वांत जास्त वाचनातून सर्वांत कमी वाचन वजा करतात, आणि शेजारचा स्रोत सिद्ध करता येत असेल तर कारखान्याला स्वतंत्र मोजणी योजना मंजूर करून घेऊन तो भाग वगळून घेता येतो. पहिला आक्षेप रास्त आहे. लॉस एंजेलिस परिसराच्या हवा नियंत्रण जिल्ह्याने २०१७ च्या अखेरीस केलेल्या नियमात म्हणूनच कुंपणावर प्रकाशकिरणाने सतत मोजणाऱ्या यंत्रांची अट आली, ज्यांचे वाचन तत्काळ मिळते. नळ्या स्वस्त आहेत आणि अचूक आहेत, किरणयंत्रे महाग आहेत आणि धुक्यात अडखळतात. पण गळतीचा तास कळायचा असेल तर दुसरा मार्ग नाही.

तुम्ही फ्लेअरविषयी लिहिले नाहीत. त्याबद्दल तुमचे मत ऐकायला आवडेल, कारण नियमाने दृश्य प्रदूषण घटवले आणि अदृश्य वाढवले याचे माझ्या माहितीतले सर्वांत ठळक उदाहरण तेच आहे.

उत्तररात्र

फ्लेअर ही प्रथम सुरक्षेची वस्तू आहे हे सर्वांनी लक्षात घ्यावे. एखाद्या विभागाचा वीजपुरवठा गेला आणि दाब वाढला, तर वायू सुरक्षित जागी नेऊन जाळण्यासाठी तो उंच नळ असतो. तो नसेल तर स्फोट होईल. त्यामुळे फ्लेअर पेटला म्हणजे गुन्हाच घडला अशी भूमिका घेणे योग्य नाही.

आता वायुवेध यांच्या मुद्द्याकडे येतो. फ्लेअरच्या ज्योतीत हवा नीट मिसळली नाही की काळा धूर निघतो. धूर निघू नये म्हणून टोकाशी वाफ, म्हणजे पाण्याची वाफ, सोडतात. ती हवा ओढून आणते आणि ज्योत स्वच्छ होते. जुना नियम मुख्यतः दिसणाऱ्या धुरावर बोट ठेवत होता. धूर दिसला की नोटीस येणार, म्हणून नियंत्रण कक्षातला माणूस हात राखून वाफ सोडण्याऐवजी भरपूर सोडत असे. वायू थोडा आणि वाफ फार झाली की ज्योतीचे तापमान उतरते आणि हायड्रोकार्बन अर्धवट जळून किंवा न जळताच निघून जातात. आकाशात काहीच दिसत नाही. हिशेबात ज्वलनाची कार्यक्षमता ९८ टक्के धरलेली असते, आणि न जळलेला भाग २ टक्क्यांऐवजी १० टक्के झाला तर उत्सर्जन पाचपट होते, ही गोष्ट त्या आकड्यात बुडून जाते.

टेक्सासमधल्या २०१० च्या सुमाराच्या चाचण्यांत हे मोजून दाखवले गेले आणि २०१५ च्या अमेरिकी नियमात त्यावर उपाय आला: वाफेसह ज्वलनक्षेत्रातल्या मिश्रणाचे उष्णतामूल्य दर प्रमाणित घनफुटाला किमान २७० बीटीयू (उष्णतेचे एकक) असले पाहिजे, आणि हे दर १५ मिनिटांच्या हिशेबाने तपासायचे. त्यामुळे आता वाफ किती सोडायची याला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. पाळीवरच्या माणसाच्या दृष्टीने हे काम कठीण झाले, पण बरोबर झाले असे माझे मत आहे.

शेवंती

कायद्याच्या अंगाने तीन गोष्टी जोडते.

९ मायक्रोग्रॅमचा आकडा ही मर्यादा नाही, ती कृतीची पातळी आहे. ती ओलांडल्याने आपोआप उल्लंघन होत नाही. कारण न शोधणे आणि दुरुस्ती न करणे हे उल्लंघन ठरते. याउलट भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांतला बेंझीनचा ५ मायक्रोग्रॅमचा वार्षिक आकडा, किंवा युरोपातला तेवढाच आकडा जो नव्या निर्देशानुसार २०३० पर्यंत ३.४ वर यायचा आहे, हा सभोवतालच्या हवेसाठी आहे. तो ओलांडला गेला तर जबाबदारी एका कारखान्यावर थेट येत नाही, कारण हवेत सगळ्यांचाच वाटा असतो. कुंपणावरच्या मोजणीचे कायदेशीर मोल यातच आहे की ती हवेची गुणवत्ता आणि एका विशिष्ट परवानाधारकाची कृती यांना जोडते.

दुसरी गोष्ट सुरुवात, बंद आणि बिघाड या काळांची. बरीच वर्षे अमेरिकी नियमांत या काळातल्या उत्सर्जनाला मर्यादांतून सूट होती. संयंत्र चालू किंवा बंद करताना परिस्थिती अस्थिर असते हे खरे, पण वर्षभरातले अतिशय मोठे उत्सर्जन नेमके त्याच तासांत होत असेल तर सूट मर्यादेलाच गिळून टाकते. डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घातक वायुप्रदूषकांच्या बाबतीतली ही सूट रद्द ठरवली. कायदा उत्सर्जनाची मर्यादा सतत लागू असावी असे म्हणतो, एवढे सरळ कारण न्यायालयाने दिले. कोणताही देश असे नियम लिहीत असेल तर मी सर्वांत आधी सुटीचे कलम वाचते.

तिसरी गोष्ट युरोपच्या २०१४ च्या निष्कर्षांतली, ज्यांत तेलशुद्धीकरणासाठीची सर्वोत्तम उपलब्ध तंत्रे ठरवलेली आहेत. तिथे कारखान्यातल्या अनेक धुराड्यांचे सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र मोजून एकच छत्रमर्यादा लावण्याची मुभा आहे. कमी खर्चात जास्त घट साधता येते, हा तिचा फायदा आहे. मात्र एका धुराड्यापाशी राहणाऱ्या वस्तीला सरासरीचा काही उपयोग नसतो, म्हणून ही मुभा स्थानिक मोजणीशी बांधलेली असावी असे माझे ठाम मत आहे.

चौकस

माळरान, तुमचे उत्तर पटले. आता टँकरविषयी सांगाल का? टाकीतून टँकरमध्ये आणि टँकरमधून विक्री केंद्राच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, भूमिगत टाकीत माल जातो, तेव्हा वाफेचे काय होते?

माळरान

टँकर वरून, झाकण उघडून, पडत्या धारेने भरला तर द्रव उसळतो, थेंब उडतात आणि बाहेर जाणारी हवा वाफेने अतिसंपृक्त होते. भरणीच्या नळीचे तोंड तळाशी बुडालेले असेल किंवा टँकर खालूनच भरला जात असेल तर उसळी जवळजवळ थांबते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या उत्सर्जन गुणांकांत पडत्या धारेसाठी १.४५ आणि बुडालेल्या भरणीसाठी ०.६० हा संपृक्ततेचा (बाहेर जाणारी हवा वाफेने किती भरलेली आहे याचा) गुणांक आहे, म्हणजे केवळ नळीची जागा बदलल्याने वाफ निम्म्याहून कमी होते.

याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे. वाफ परत घेणाऱ्या सेवेतल्या टँकरसाठी गुणांक १.०० आहे, बुडालेल्या भरणीच्या ०.६० पेक्षा जास्त. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. विक्री केंद्रावर माल उतरवताना भूमिगत टाकीतली वाफ दुसऱ्या नळीने टँकरमध्ये परत घेतली जाते. केंद्रावरचे उत्सर्जन त्यामुळे थांबते, पण टँकर आता वाफेने पूर्ण भरून साठवण केंद्राकडे परततो आणि पुन्हा भरताना ती सगळी वाफ तिथे बाहेर पडू पाहते. साठवण केंद्रात ती पकडणारे संयंत्र नसेल, किंवा असून बंद असेल, तर आपण प्रदूषण फक्त एका फाटकातून दुसऱ्या फाटकात नेले. म्हणून ही साखळी अर्धवट लागू करून चालत नाही. युरोपच्या १९९४ च्या निर्देशाने साठवण केंद्र, टँकर आणि विक्री केंद्र या तिघांना एकत्र बांधले आणि साठवण केंद्रातल्या वाफ पकडणाऱ्या संयंत्रातून बाहेर जाणाऱ्या हवेत घनमीटरला सरासरी ३५ ग्रॅमची मर्यादा घातली. संयंत्र साधारणपणे सक्रिय कार्बनच्या दोन पात्रांचे असते. एक पात्र वाफ शोषते तेव्हा दुसरे निर्वात पंपाने रिकामे होते आणि ती वाफ पुन्हा द्रवात मिसळली जाते.

वाहनात इंधन भरतानाची वाफ हा पुढचा टप्पा. युरोपने २००९ च्या निर्देशाने ती पंपाच्या नळीतूनच किमान ८५ टक्के पकडण्याची अट घातली. अमेरिकेने १९९८ च्या मॉडेलपासून वाहनातच कार्बनचा डबा बसवायला लावला, आणि असे डबे सर्वत्र झाल्यावर २०१२ पासून पंपावरची यंत्रणा काढून टाकण्याची मुभा राज्यांना दिली.

दर्यावर्दी

जहाजांचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहितो. कच्च्या तेलाचे जहाज भरताना टाक्यांतला निष्क्रिय वायू आणि त्यात मिसळलेली वाफ बाहेर ढकलली जाते. एका भरणीत रस्त्यावरच्या कित्येक टँकरांइतकी वाफ जाऊ शकते. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टात यासाठी पंधरावा नियम आहे: बंदराला वाफ परत घेण्याची सक्ती करता येते, आणि जुलै २०१० पासून कच्चे तेल नेणाऱ्या प्रत्येक टँकर जहाजावर वाफ व्यवस्थापन योजना असणे बंधनकारक आहे. सक्ती करायची की नाही हे मात्र बंदराच्या देशावर सोपवलेले आहे, आणि माझ्या दृष्टीने हीच या नियमाची उणीव आहे. जहाजावर वाफेची नळी जोडायची सोय असते आणि धक्क्यावर ती घ्यायला काहीच नसते, असे दृश्य मी पाहिलेले आहे. सुरुवातीला भरणीचा वेग कमी ठेवणे आणि टाकीतला दाब शक्य तितका वर राखणे, एवढेच मग जहाजाच्या हातात उरते.

चौकस

फार मोलाची माहिती मिळते आहे. गळती शोधणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्यांविषयी वाचले होते. ते आले तर प्रत्येक सांध्यापाशी नळी फिरवण्याची गरज उरेल का?

वायुवेध (धागाकर्ता)

अंशतः कमी होईल. लॉस एंजेलिस परिसरातल्या कारखान्यांच्या नोंदींचा १९९० च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा आटोक्यात आणता येण्याजोग्या गळतीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गळती हजारातल्या एखाद-दुसऱ्या भागातून होत असल्याचे दिसले. म्हणजे हजारो न गळणारे सांधे तपासण्यात श्रम जातात आणि एक मोठी गळती पुढच्या फेरीपर्यंत तशीच राहते. कॅमेरा नेमक्या या मोठ्या गळत्या दुरूनच दाखवतो, टाकीच्या छपरावरच्या किंवा उंच पाइपांवरच्या जागाही त्याला दिसतात, म्हणून त्याच्या फेऱ्या वारंवार करता येतात. बारीक गळती मात्र त्याला दिसत नाही, आणि वारा, ऊन, पार्श्वभूमीचे तापमान यांवर त्याचे काम अवलंबून असते. दोन्ही पद्धती ठेवाव्यात: कॅमेरा वरचेवर, नळी वर्षातून ठरल्या वेळी.

संपूर्ण कारखान्याची एकत्र मोजणी करायची असेल तर सूर्यप्रकाशातल्या अवरक्त शोषणावरून वाफेचा प्रवाह काढण्याची पद्धत आहे. गाडीत यंत्र ठेवून कुंपणाबाहेरून फेरी मारतात. स्वीडनमध्ये ती विकसित झाली. २०१५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात अशी मोजणी झाली तेव्हा वाफांचे उत्सर्जन हिशेबातल्या आकड्याच्या कित्येक पट निघाले. माळरान यांनी सांगितलेली टेकलेली छपरे आणि छिद्रांचे खांब आठवले तर त्याचे आश्चर्य वाटत नाही.

चौकस

शेवटचा प्रश्न. एखाद्या कारखान्याचा वार्षिक पर्यावरण अहवाल माझ्यासारख्या माणसाच्या हाती आला, तर त्यात कुठे पाहावे?

शेवंती

प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला आहे, गुणांकाने काढलेला आहे की अंदाज आहे, हे लिहिलेले असायला हवे. ते नसेल तर आधी तेच मागा. गळती तपासणीच्या तक्त्यात पोचायला अवघड म्हणून वगळलेल्या सांध्यांची संख्या स्वतंत्रपणे विचारा.

उत्तररात्र

मी गंधकाचा ताळेबंद मागेन. वर्षभरात आलेल्या कच्च्या तेलाचे वजन आणि त्यातले गंधकाचे प्रमाण यांवरून आत आलेला गंधक निघतो. बाहेर गेलेला गंधक उत्पादनांत, पेटकोकमध्ये (शुद्धीकरणात उरणाऱ्या कोळशासारख्या घन पदार्थात), विकलेल्या घन गंधकात आणि नोंदलेल्या सल्फर डायऑक्साइडमध्ये असतो. सल्फर डायऑक्साइडचे वजन निम्मे केले की त्यातला गंधक मिळतो. दोन्ही बाजूंत थोडा फरक मोजमापाच्या चुकीने राहतो. तो मोठा असेल तर शेवटच्या वायूवरची प्रक्रिया वर्षातले किती तास बंद होती आणि त्या काळात वायू कुठे वळवला होता, हे विचारावे. पाळीच्या नोंदवहीत त्या तासांची नोंद असतेच.